साताऱ्यात प्लॉट, पुढे मिरजेत फ्लॅट घ्यायचाय. वकील, इंजिनिअर, सीए ही माणसं कशी जमवायची?

सातारकर_पुण्यात

नमस्कार मंडळी. मी मूळचा कोरेगाव तालुक्यातला, नोकरी पुण्यात, आईवडील गावीच असतात. साठवलेले पैसे आणि थोडं कर्ज असं मिळून ४० लाखांच्या आसपास जागेत घालायचं मनात आहे. आधी साताऱ्याजवळ एक प्लॉट (कोडोली, शाहूपुरी, वाढे फाटा ह्या पट्ट्यात कुठंतरी) आणि दोन-तीन वर्षांनी मिरजेत भाड्यानं द्यायला छोटा फ्लॅट, कारण बायकोचं माहेर तिकडं आहे आणि लक्ष ठेवायला माणसं आहेत.

एक एजंट भेटलाय, बोलायला चांगला आहे, जागा पण बऱ्या दाखवल्या. तो म्हणतो वकील आमचा, इंजिनिअर आमचा, बँकेत पण ओळख आहे, तुम्ही फक्त सहीला या. वडील म्हणतायत की सगळी त्याचीच माणसं असतील तर मग आपलं कोण? तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. आता तो टोकन म्हणून ५१ हजार मागतोय, म्हणतो दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

तर मला विचारायचंय की नक्की कोणकोण माणसं लागतात, टोकनच्या आधी कोण आणि नंतर कोण, आणि पुण्यात बसून विश्वासाची माणसं शोधायची कशी? मला शनिवार-रविवार सोडून यायला जमत नाही. ज्यांनी सातारा-सांगलीत असे व्यवहार केलेत त्यांनी जरा सविस्तर सांगा.

कृष्णाकाठ_मिरज

दादा, वडिलांचं बरोबर आहे. टोकन अजिबात देऊ नका अजून. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे हे वाक्य मी आजपर्यंत प्रत्येक जागेच्या वेळी ऐकलंय.

माझं एकच सांगणं आहे, माणसं निवडताना हे बघा की त्याला पैसे कधी मिळतात. एजंटला सौदा झाला तरच दलाली मिळते, विकणाऱ्याला पण तसंच, बँकेच्या माणसाला कर्ज मंजूर झालं तर त्याचं टार्गेट पुरं होतं. ही माणसं वाईट आहेत असं नाही, माझा एजंट तर घरातल्यासारखा आहे, पण सौदा मोडला तर त्याची महिन्याची मेहनत वाया जाते, मग तो मोडायचं कारण कशाला शोधेल? याउलट वकील, मोजणी करणारा, इंजिनिअर आणि सीए यांना तुम्ही फी देता आणि सौदा झाला काय नाही झाला काय, त्यांची फी तीच राहते. ह्या चौघांना तुम्ही शोधायचं, तुम्ही पैसे द्यायचे आणि त्यांनी रिपोर्ट तुमच्या हातात द्यायचा, एजंटच्या हातात नाही. एजंट एकच असला तरी चालेल किंवा तीन असले तरी चालतील, पण हे चार तुमचेच पाहिजेत.

बँकेचा पॅनलवरचा वकील सर्च (जुन्या दस्तांची तपासणी) करतो म्हणून बरेच जण स्वतःचा वकील लावतच नाहीत. तो वकील बँकेचं कर्ज बुडू नये एवढंच बघतो, तुम्ही ८० टक्के कर्ज घेतलं असेल तर त्याला ८० टक्क्यांची काळजी. रस्ता, हद्द, शेजारचा वाद ह्यात तो फारसा शिरत नाही. पण बँकेनं नाकारलं तर मात्र तो मोठा इशारा समजा. मी तर कर्जाची गरज नसली तरी बँकेत फाईल टाकून बघा असं सांगतो.

वकील शोधताना दिवाणी आणि महसूल दोन्हीतलं काम करणारा बघा, आणि ज्या तालुक्यात जागा त्याच तालुक्याच्या कोर्टात बसणारा असेल तर उत्तम, कारण त्याला तिथले वाद तोंडपाठ असतात, कुठल्या गट नंबरच्या जमिनीवर दावा चालू आहे हे त्याला चहाच्या टपरीवर कळतं. ३० वर्षांचा सर्च, सगळे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी), जाहीर नोटीस आणि शेवटी लेखी टायटल (मालकीचा) रिपोर्ट, एवढं त्याच्याकडून घ्यायचंच. तोंडी "काही प्रॉब्लेम नाही" हे चालणार नाही. नोटीस साताऱ्यात ‘ऐक्य’, ‘पुढारी’ असल्या इथं वाचल्या जाणाऱ्या पेपरात द्या, जो पेपर त्या गावात येतच नाही त्यात देऊन उपयोग काय.

आणि एक, विकणाऱ्याचा जो वकील असेल तो तुमचा नको. दोघांचं काम एकच वकील करतो आणि फी वाचते असं एजंट सांगेल. वाचवू नका ती फी.

शिवार_ते_सनद

मी भूमी अभिलेख खात्यातून रिटायर झालोय, म्हणून मोजणीबद्दल लिहितो, कारण लोक वकिलावर खर्च करतात आणि मोजणीला कंजूषपणा करतात.

वकील कागद बघतो. कागदावरची जमीन जागेवर तेवढीच आणि तिथंच आहे का हे मोजणीशिवाय कळत नाही. सातबाऱ्यावर २० गुंठे आणि जागेवर बांध सरकून साडेअठरा असं कायम निघतं. विकणाऱ्याला हद्द कायम मोजणीचा अर्ज करायला लावा, आता ई-मोजणीवर ऑनलाइन होतो, अर्ज खातेदारानंच करावा लागतो म्हणून त्याची तयारी आहे का ते आधी विचारा. तयारी नाही म्हणाला तर का नाही ते विचारा. मोजणीच्या दिवशी तुम्ही किंवा वडील जागेवर उभे राहा, शेजारचे खातेदार नोटिशीवर येतात, त्यांच्याशी बोला. शेजाऱ्याला जे माहीत असतं ते कुठल्याच कागदावर नसतं. ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) हातात आल्यावरच पुढं सरका.

एनए (बिगरशेती) प्लॉट असेल तर एनए ऑर्डर आणि मंजूर लेआउट दाखवतील, पण कजाप झालंय का ते विचारा. कमी-जास्त पत्रक झाल्याशिवाय प्लॉटचा वेगळा सातबारा निघत नाही. ऑर्डर झालीय, कजाप व्हायचंय असे प्लॉट भरपूर विकले जातात आणि मग घेणारा वर्षानुवर्षं हेलपाटे घालतो. मंजूर नकाशा आणि जागेवरचे खांब जुळतात का तेही बघा, कधीकधी ओपन स्पेसवरच खांब टाकलेले असतात.

खाजगी सर्व्हेअर आहेत, जीपीएसच्या मशीननं एका दिवसात मोजून देतात, प्राथमिक अंदाजाला चांगलं आहे, पण उद्या वाद झाला तर तहसीलदारासमोर सरकारी मोजणीलाच वजन आहे. त्याला पर्याय म्हणून घेऊ नका.

रस्त्याचं पण बघा. सातबारा किंवा नकाशावर रस्ता नाही आणि विकणारा म्हणतोय सगळे इथूनच जातात, तर ती फक्त वहिवाट आहे. तहसीलदारांकडं जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली किंवा मामलेदार कोर्टात रस्ता मागता येतो पण तो शेतीच्या वापराला, आणि वेळ लय जातो.

सातारकर_पुण्यात

दोघांचेही मनापासून आभार, हे सगळं कुणी असं समजावून सांगितलं नव्हतं. एजंटला आत्ताच फोन केला की वकिलाचा रिपोर्ट आल्याशिवाय टोकन नाही, तो जरा नाराज झाला.

सातबारा महाभूमीच्या साइटवरून १५ रुपयात डिजिटल सहीचा काढला. त्यात दोन गोष्टी कळत नाहीत. मालकाच्या नावापुढं ए.कु.मॅ. लिहिलंय आणि इतर हक्कात पुनर्वसनाचा काहीतरी शेरा आहे. आणि तो म्हणतोय ३ गुंठे घ्या, सामाईकात (सगळ्यांच्या एकत्र सातबाऱ्यावर) नाव लावून देतो. बरोबर आहे का हे?

वकील_बाई_कराड

नाराज झाला तर होऊ दे भाऊ. तुम्ही जे वाचलंय त्या तीन गोष्टींवर तुमचा वकील पहिल्याच भेटीत बोट ठेवेल.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे ती जमीन एकट्याची नाही, त्याच्या मागं भाऊ-बहिणी आहेत, त्यांची नावं सातबाऱ्यावर नसली तरी हक्क आहे. मुलींना हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हिस्सा आहे आणि सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की वडील २००५ ला हयात नसले तरी तो हक्क जन्मापासूनचा. आपल्याकडं बहिणी हक्क सोडतातच असं धरून लोक व्यवहार करतात. धरून चालायचं नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी पाहिजे नाहीतर सगळ्यांनी खरेदीखतावर सही पाहिजे. अ.पा.क. असं दिसलं तर आणखी जपा, त्यात अज्ञान (१८ च्या आतला) वारस असतो आणि अज्ञानाची मिळकत विकायला कोर्टाची परवानगी लागते का ते तपासावंच लागतं.

पुनर्वसनाचा शेरा. सातारा जिल्ह्यात कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी अशी धरणं झाली, त्यामुळं लाभक्षेत्रातल्या कितीतरी गटांवर असे शेरे आहेत. काही जमिनी धरणग्रस्तांना वाटप झालेल्या, त्या वर्ग २, कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि नजराणा (सरकारला द्यायची रक्कम) भरल्याशिवाय विकता येत नाहीत. शेरा नेमका कशाचा आहे ते फेरफार नंबर काढून बघावं लागेल. तो फेरफार वाचल्याशिवाय ह्या जागेबद्दल कुणीच काही सांगू शकत नाही, एजंट तर नाहीच.

३ गुंठे सामाईकात घेऊ नका, हे मी अगदी स्पष्ट सांगते. तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे, २०२३ च्या अधिसूचनेनं आपल्या जिल्ह्यात जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरलं, त्याच्या आतला तुकडा विकता येत नाही. शहरी आणि निवासी भागातल्या तुकड्यांना सरकारनं २०२५ मध्ये सूट द्यायचं ठरवलं, पण हा गट त्या हद्दीत आहे का ते टाउन प्लॅनिंगचा झोन दाखला काढून बघायचं, एजंटच्या तोंडी भरवशावर नाही. सामाईकात नाव लागलं म्हणजे तुमचे ३ गुंठे कुठले हे कधीच ठरत नाही. बांधकाम परवाना नाही, कर्ज नाही, आणि उद्या बाकीचे दहा जण भांडले की तुम्ही पण कोर्टात.

आणखी, तुमच्या नावावर शेती आहे का? शेतकरी नसाल तर कुळकायद्याच्या कलम ६३ मुळं शेतजमीन घेताच येत नाही. वडिलांच्या ८अ चा (खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा) उतारा आणि तुम्ही त्यांचे वारस ह्याचा कागद वकिलाला पहिल्याच दिवशी द्या.

पूरपट्ट्यातला

सांगली-मिरजेच्या फ्लॅटबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. इथं इंजिनिअर हा वकिलाइतकाच महत्त्वाचा. कारण दोन, पाणी आणि काळी माती.

२०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे. २००५, २०१९, २०२१, असं तीनदा बघितलं शहरानं. फ्लॅट बघायला गेलात की आधी इमारतीच्या भिंतीवर, शेजारच्या दुकानदारांकडं २०१९ ची खूण कुठं होती ते विचारा, लोक हात वर करून दाखवतात, कुणी लपवत नाही. मग महापालिकेत आणि पाटबंधारे खात्याकडं निळ्या-लाल पूररेषेचा नकाशा बघा. विश्रामबाग आणि मिरजेचा बराच भाग उंचावर आहे, तिथला भाव पण म्हणून जास्त आहे आणि तो द्यावा असं माझं मत आहे.

माती म्हणजे आपली काळी, पावसात फुगते उन्हाळ्यात आकसते, पाया नीट नसला की भिंतींना तिरप्या भेगा. शामरावनगर भागात तर पाणी साचण्याचा त्रास वेगळाच. बिल्डरचा नाही असा स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या सोबत, तासाभराचं काम आहे, भेग प्लास्टरची का कॉलमची ते तो बोट लावून सांगतो. जुनी इमारत असेल तर पार्किंगमधले कॉलम बघायला सांगा, पुराचं पाणी तिथंच थांबलेलं असतं.

आणि सांगलीत गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडलेले प्लॉट, लय आहे. २००१ चा कायदा, नंतर २०२१ ला मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवली. नियमित झाल्याचं प्रमाणपत्र हातात असेल तरच बघा, प्रस्ताव दिलाय, पावती आहे असल्या जागेला बँका हात लावत नाहीत.

हिशेब_पक्का

सीए कधी लागतो तर सगळ्यात शेवटी असं लोकांना वाटतं, म्हणजे रिटर्न भरताना. तेव्हा काही करता येत नाही. इसाराच्या आधी एकदा बसा त्याच्याबरोबर.

कुणाच्या नावावर घ्यायचं इथूनच फरक पडतो. राहायची मिळकत बायकोच्या एकटीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत, पण पैसे तुमचे असतील तर भाड्याचं उत्पन्न तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं, हे आधी माहीत पाहिजे. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी ५ टक्के, पण आपल्यासारख्या गावात ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) ९० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतला तर जीएसटी नाहीच. प्लॉटच्या विक्रीवर पण नाही.

रोखीचं एजंट हमखास काढणार, थोडे वर थोडे खाली. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रक्कम रोख घेणं कायद्यानं बंद आहे, घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड. तुमचं नुकसान असं की पुढं विकताना कागदावरची कमी किंमत धरूनच नफा काढला जातो. दोन वर्षांनंतर विकलं तर २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या मिळकतीच्या नफ्यावर सरळ साडेबारा टक्के, महागाईची वजावट नाही. म्हणजे आज रोखीत दडवलेले पाच लाख उद्या तुमच्याच नफ्यात दिसणार.

भाड्याचा हिशेब पण कागदावर मांडा. ३० लाखांचा फ्लॅट आणि ८ हजार भाडं धरा, वर्षाचे ९६ हजार, म्हणजे ३.२ टक्के, त्यातून सोसायटी, घरपट्टी, रिकामे महिने जातात. भाडेउत्पन्नाला ३० टक्के सरसकट वजावट मिळते पण नव्या करप्रणालीत व्याजाचा तोटा पगारातून वजा होत नाही. कर्ज काढून भाड्यानं द्यायला घेणार असाल तर हे आकडे बघून मगच ठरवा, माझ्या मते मिरजेचा फ्लॅट कर्जाशिवाय जमत असेल तरच घ्या.

मिरजेची_लेक

माझी भर थोडीच. मी आईचे दोन फ्लॅट सांभाळते, मेडिकलची मुलं आणि दवाखान्यातल्या सिस्टर राहतात. वकील-सीए लागतात ते एकदा, पण प्लंबर, वायरमन आणि चावी ठेवणारा माणूस कायम लागतो. बायकोच्या माहेरचं कुणी हे बघणार असेल तर त्यांना महिन्याला ठरवून पैसे द्या, घरचंच आहे म्हणून फुकट करून घेऊ नका, सहा महिन्यांत कुरकुर सुरू होते आणि बोलता पण येत नाही. अकरा महिन्यांचा करार असला तरी नोंदणी करा, कायद्यानं सक्तीची आहे आणि आता ऑनलाइन घरबसल्या होते. पोलिसांत भाडेकरूची माहिती पण द्या.

सातारकर_पुण्यात

वडिलांना सगळं वाचून दाखवलं. ते ३ गुंठे सोडले, एजंटला तसं कळवलं. तो म्हणाला एनए प्लॉट दाखवतो, एका स्कीममध्ये. मग आता ह्यात वकील, मोजणी सगळं परत लागेल का? तो म्हणतोय रेरा (स्कीमची सरकारी नोंदणी) आहे म्हणजे काळजी नाही.

कृष्णाकाठ_मिरज

लागेल, पण कमी. रेरा नंबर महारेराच्या साइटवर टाकून बघा, ५०० चौरस मीटरच्या वर जमीन असेल किंवा आठच्या वर प्लॉट असतील तर नोंदणी सक्तीची आहे, प्लॉटच्या स्कीमला पण. तिथं टायटल रिपोर्ट, मंजूर लेआउट, बोजा, चालू दावे सगळं अपलोड असतं, ते पीडीएफ तुमच्या वकिलाला पाठवा, त्याचं निम्मं काम तिथंच होतं. रेरा नंबर म्हणजे कागद जाहीर केलेत एवढंच, टायटलची हमी सरकार देत नाही. करारनामा नोंदवायच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही हे लक्षात ठेवा. एजंटचा स्वतःचा रेरा नंबर पण मागा, असल्या स्कीममध्ये त्याला तो लागतोच, आणि २०२३ पासून त्यासाठी परीक्षा पास व्हावी लागते.

वकील शोधायला ह्या शनिवारी असं करा. सातारच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर नाही, तिथं बसणारे दस्त लिहून देतात, ते वेगळं काम. कोरेगावात किंवा साताऱ्यात तुमच्या नात्यात गेल्या पाच-सात वर्षांत ज्यानं जमीन घेतली त्याला विचारा की वकिलानं कधी एखादा सौदा करू नका असं सांगितलं का. ज्यानं सांगितलंय त्याचा नंबर घ्या. भेटायला जाताना सातबारा, ८अ, स्कीमचा रेरा नंबर आणि वडिलांना बरोबर न्या, आणि फी किती, रिपोर्ट किती दिवसांत, नोटीस कुठल्या पेपरात हे तीन प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारून घ्या.

शिवार_ते_सनद

स्कीमच्या प्लॉटला पण कजाप आणि प्लॉटचा स्वतंत्र सातबारा विचाराच. आणि रविवारी जागेवर जाल तेव्हा मंजूर लेआउटची प्रिंट बरोबर न्या, टेप घेऊन रस्त्याची रुंदी स्वतः मोजा. नकाशात ९ मीटर आणि जागेवर ६ असेल तर तिथूनच परत फिरा.